वाट पाहण्याचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. त्यापुढचे जे काही शिकले ते घरात, नळावर आणि आपल्या या मंडळात. तेव्हा मोठमोठे शब्द माझ्याकडून ऐकायला मिळतील अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. विषय मात्र मोठ्या कारखान्यांचा आहे. ‘संस्थेच्या अंतर्गत कामकाजाची तपासणी व सुधारणा’ असे चिटणीसबाईंनी मला कागदावर लिहून दिले. मी त्याचे घरगुती रूप केले ते असे : आपली चटणी वेळेवर का होत नाही?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. चैत्रापासून मृग लागेपर्यंत आपल्या मंडळात कांदा-लसूण चटणी होते. पुण्या-मुंबईला गेलेली आपली माणसे सबंध वर्षाची चटणी इथूनच नेतात, आणि गेल्या उन्हाळ्यात मागणी बरीच वाढली. पण सांगितलेल्या दिवशी पाकीट हातात पडेना. कुणी दोन दिवस थांबले, कुणी गाडीची वेळ झाली म्हणून तसेच निघून गेले. हंगामाची शेवटची खेप राहिली असताना बैठक झाली, तीत एक उपाय सुचवण्यात आला. पुढच्या वर्षी चपळ हाताच्या बायकाच कामाला घ्याव्यात. ज्यांचे हात सावकाश चालतात त्यांना हळदीकुंकवाला, भजनाला जरूर बोलवावे, पण चटणीला नको. नाव कुणी घेतले नाही. पण आपल्यात सावकाश कोण, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्या तिघीही त्याच सतरंजीवर बसल्या होत्या. एकीने पदराने चष्मा पुसायला घेतला तो बैठक संपेपर्यंत पुसतच होती. त्या हजेरीच्या पैशांत तिची महिन्याची औषधे येतात, हेही आपल्याला माहीत आहे. निर्णय पुढच्या सभेवर ठेवला. ती सभा आता जवळ आली आहे, म्हणून आज हे बोलते.

मोजल्याशिवाय दोष कुणाचा ते कळत नाही, एवढे मला आमच्या यजमानांमुळे माहीत होते. ते उद्यमनगरातल्या एका मशिनशॉपमध्ये आहेत. शॉपचे नाव सांगत नाही. आपल्या कोल्हापुराला लोखंड ओतण्याची आणि घासण्याची परंपरा मोठी. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठेही गेले तरी फौंड्रीचा वास येतो. तर त्यांच्या मालकांनी काही वर्षांपूर्वी बाहेरून एक जाणकार गृहस्थ आणले. ते तीन दिवस हातात घड्याळ आणि वही घेऊन एका लेथमागे उभे राहिले. कामगार धास्तावले. पण त्या गृहस्थांनी कामगाराच्या हातांकडे कमी आणि पायांकडे जास्त पाहिले. पान्हा शोधायला जाणे, माप घ्यायचे हत्यार दुसऱ्या टोकाहून आणणे, माल उचलायच्या क्रेनची वाट बघणे, यातच दिवसाचा मोठा भाग जात होता. मग भिंतीवर फळी लावली, तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगाने काढली, म्हणजे जागेवर काय नाही ते लांबूनच दिसावे. जमिनीवर पिवळे पट्टे मारले. त्याच हातांनी जास्त माल निघू लागला. इथवर सगळे चांगले.

पण महिनाअखेरीला दोन हंगामी पोरांना ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणून सांगितले. पुढे ते जाणकार गृहस्थ पुन्हा आले, तेव्हा प्रत्येकाने एकच उत्तर दिले, ‘सगळं बरं चाललंय, साहेब.’ आमच्या यजमानांना अशी एक गोष्ट माहीत आहे की जिच्यामुळे प्रत्येक जॉबमागे पाव तास वाया जातो. ती त्यांनी कुणाला सांगितलेली नाही. रिकाम्या डब्याबरोबर ती रोज घरी येते आणि सकाळी परत जाते.

ही गोष्ट लक्षात ठेवा. मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

तर शेवटच्या खेपेला अध्यक्षबाईंच्या परवानगीने मी काम न करता वही घेऊन बसले. पानावर तीन रकाने आखले : हात चालू, पाय चालू आणि वाट पाहणे. भिंतीवरच्या घड्याळात बघून प्रत्येकीपुढे लिहीत गेले. प्रथम सगळ्यांना हसू आले, मग राग आला, आणि बाराच्या सुमारास त्या मला विसरून गेल्या. खरा हिशेब तेव्हापासूनचा. पण त्याआधीचेच महत्त्वाचे निघाले.

सुमारे वीस किलो मिरचीची खेप होती. नऊ बायका ठीक दहाला हजर होत्या. मिरची लक्ष्मीपुरीतून आली पावणेबाराला. म्हणजे नऊ बायका प्रत्येकी पावणेदोन तास बसून. एकूण पावणेसोळा तास! त्यात कुणी गप्पा मारल्या, कुणी घरी जाऊन कुकर लावून आल्या, पण बहुतेकींचे लक्ष घड्याळाकडे. कारण दुपारी कुणाचे पाणी यायचे, कुणाचे मूल शाळेतून सुटायचे.

मग देठ काढायला सुरुवात झाली. ते सव्वादोन तास चालले. प्रत्येकीची मिरची मी वेगळी तोलून घेतली. चपळ हाताच्या सहा जणींनी सरासरी अडीच-अडीच किलोचे देठ काढले. सावकाश हाताच्या तिघींनी पावणेदोन-पावणेदोन किलोचे. म्हणजे तिघींचे मिळून सव्वादोन किलो कमी पडले. तेवढे काम एका चपळ बाईला सुमारे दोन तासांचे.

एका बाजूला दोन तास, दुसऱ्या बाजूला पावणेसोळा. आणि बैठकीत आपण तिघींकडे बघत होतो.

आणखी एक लिहिले आहे ते सांगते. आतून बुरशी धरलेली, पांढरट पडलेली मिरची त्या दिवशी सर्वांत जास्त बाजूला काढली ती त्या तिघींतल्या आक्कांनी. हात सावकाश चालतो तो उगाच नव्हे. तशी मिरची डंकावर गेली असती तर सबंध खेपेला वास लागला असता. हे वजनात येत नाही. म्हणून मी ते समासात लिहिले.

आता मिरची उशिरा का आली? जपानात टोयोटा म्हणून मोटारीचा प्रचंड कारखाना आहे. तिथले ताइची ओनो नावाचे अधिकारी सांगत की काही बिघडले तर पहिल्या उत्तरावर थांबू नका, पाच वेळा ‘का’ विचारा. या कारखान्याचे मूळ मोटारीत नसून मागात आहे, हे कळल्यावर मला गंमत वाटली. साकिची टोयोडा हे मूळ पुरुष. धागा तुटला की आपोआप थांबेल असा माग त्यांनी बनवला आणि १९२४ साली त्याचे नामांकित यंत्र बाजारात आले. इचलकरंजीत ज्यांचे माहेर आहे त्यांना याचे मोल सांगायला नको. तुटलेल्या धाग्यावर माग चालत राहिला की किती कापड वाया जाते! तीच रीत पुढे मोटारीच्या कारखान्यात आली. कुठे चूक दिसली तर साध्या कामगारानेही दोरी ओढून खबर द्यायची, आणि ती चूक निस्तरेपर्यंत वेळ पडल्यास काम थांबवायचे, असा तिथे रिवाज पडला. आपल्याकडे काम थांबवणारीला ‘हिला काय झालं आता?’ म्हणतात. असो.

मी ‘का’ विचारत गेले. पाकिटे उशिरा का? चटणी डंकावरून दिवेलागणीला आली, ती गार होईपर्यंत भरता येत नाही. ती तेव्हा का आली? डंकावर आपला नंबर मागे लागला. तो का लागला? आपली मिरची भाजून तिथे साडेतीनला पोचली, तोवर उन्हाळ्याची पोत्यांची रांग. साडेतीन का वाजले? देठच दोनला संपले. ते का? मिरची पावणेबाराला आली. ती का? पैसे अकराला मिळाले. पैसे अकराला का? कारण रक्कम काढायला दोन सह्या लागतात, आणि दुसरी सही करणाऱ्या बाई घरचे सगळे उरकून अकराला येतात. यात त्यांचा काहीएक दोष नाही. त्यांना कुणी लवकर या म्हणून सांगितलेच नव्हते. जपानी गृहस्थांपेक्षा मला दोन ‘का’ जास्त लागले, पण किल्ली सापडली. ती तिजोरीची निघाली.

दोन सह्यांचा नियम मोडावा असे मी मुळीच म्हणत नाही. पैशाच्या बाबतीत ज्या संस्था बायकांच्या विश्वासावर चालतात त्यांना असा नियम हवाच. फक्त सही आदल्या दिवशी संध्याकाळी व्हावी. त्याला एक पैसा खर्च नाही.

दुसऱ्या दिवशी पाकिटे भरली, तेव्हा ‘पाय चालू’चा रकाना भरून गेला. आपला तराजू खाली आणि पिशवीचे तोंड बंद करायचे मशीन वर, कारण विजेचा पॉइंट वर. एकशेचार पाकिटे झाली. उघडी पिशवी सांडू नये म्हणून परातीत एका वेळी चारच नेता येतात. सव्वीस खेपा, जिन्याच्या पायऱ्या चौदा. म्हणजे एका बाईने त्या दिवशी परात घेऊन तीनशे चौसष्ट पायऱ्या चढल्या आणि तितक्याच उतरल्या. जोतिबाला चालत जाऊन आली असती तर पुण्य तरी लागले असते!

माझी धाकटी मुलगी पॉलिटेक्निकात आहे. तिने हे ऐकून मला अमेरिकेतल्या गिलब्रेथ नावाच्या नवराबायकोची हकीकत वाचून दाखवली. फ्रँक गिलब्रेथ मूळचे गवंडीकाम करणारे. प्रत्येक विटेसाठी गवंडी कमरेत वाकतो हे त्यांनी पाहिले आणि विटा कमरेइतक्या उंच फळीवर ठेवायला लावल्या. एक वीट बसवायला आधी अठरा हालचाली लागत, त्या पाचांवर आल्या. १९२४ साली ते वारले. मागे लिलियनबाई आणि मुलांचे मोठे खटले. त्यांना बारा मुले झाली होती. बाई स्वतः शिकलेल्या, नवऱ्याबरोबर सगळे काम केलेल्या. पण कारखानदार बाईमाणसाला काम देईनात. मग त्यांनी तीच नजर स्वयंपाकघराकडे वळवली. ओटा किती उंच असावा, चूल, पाणी आणि सामान एकमेकांपासून किती पावलांवर असावे, हे त्यांनी मोजून ठरवले, आणि नंतर कारखानेही त्यांच्या दारी आले. त्यांना स्वतःला स्वयंपाकाची फारशी आवड नव्हती म्हणतात. तरी जगातल्या ओट्यांची उंची ठरवण्यात त्यांचा हात आहे. त्यांचे एक म्हणणे मला फार पटले. थकलेल्या माणसाला जास्त काम करा म्हणण्याआधी त्याला नीट बसायला द्या. आपल्या तिघींपैकी एकीचे गुडघे धरतात आणि ती दोन तास पाटाशिवाय जमिनीवर बसते. पाट कपाटाच्या वर आहेत, लग्नकार्यासाठी जपून ठेवलेले.

जिन्याचा प्रश्न तर सुटलाच. लांब वायरीचा एक बोर्ड आणला, मशीन खाली आले. तो बोर्ड खिडकीजवळ टांगलेला आहे, हवा तर बघून घ्या.

पण माझ्या मनात सर्वांत घोळत राहिले ते लिज्जत पापडाचे उदाहरण, कारण ते आपल्यासारख्याच बायकांचे आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना सरकारने २०२१ साली पद्मश्री दिली. आज पंचेचाळीस हजारांच्या आसपास बहिणी त्या संस्थेत आहेत. हे सर्व आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि ‘वा!’ म्हणून पान उलटतो. मला त्यांच्या यशापेक्षा त्यांची अडचण जास्त शिकवून गेली.

पहिल्याच वर्षी पाऊस आला आणि गच्चीवर पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी काय केले? एक खाट आणली आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह ठेवला. झाले! वर्षाचे बारा महिने काम सुरू. कुणी तज्ज्ञ आला नाही, यंत्र आले नाही. कुठे अडते ते त्यांनी पाहिले आणि नेमके तेवढेच सोडवले. बायका कमी केल्या असत्या तर पाऊस काही थांबला नसता.

पुढे काम वाढले तशी त्यांची रीत ठरत गेली. पीठ सगळीकडे एकसारखे हवे, म्हणून कच्चा माल एकत्र घेतला जातो. कुठल्याही शाखेचा पापड चवीला एकच. सकाळी शाखेत काही बहिणी पीठ मळतात, बाकीच्या ते तोलून घेऊन घरी जातात, आपल्या वेळेने लाटतात, आणि दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड आणून देतात. तिथे ते तपासून, तोलून घेतात आणि लाटणावळ देतात. यात वाट कुणी कुणाची पाहायची? चपळ बाई जास्त लाटते, सावकाश बाई कमी लाटते, पण एकीमुळे दुसरी खोळंबत नाही. सुरुवातीला त्यांना वडीलकीचा सल्ला देणारे छगनलाल पारेख, ज्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत, त्यांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. मालाच्या दर्जात तडजोड नको, आणि हिशेब चोख हवा. हे दानधर्माचे काम समजू नका, धंदा समजून करा. म्हातारीला दया म्हणून कामावर ठेवा, असे मीही म्हणत नाही. तिच्या हाताला बसेल अशी कामाची रीत आपण लावली आहे का, एवढेच विचारते.

मात्र त्यांची रीत जशीच्या तशी उचलता येणार नाही. पापडाचे पीठ घरी नेणे वेगळे आणि मिरची नेणे वेगळे. रांगणारे मूल असलेल्या घरात मिरची पसरली आणि त्याने तोच हात डोळ्याला लावला, तर काय होईल ते सांगायला नको. ठसक्याने शेजारचे भांडायला येतील ते निराळेच. शिवाय घरी काम गेले की शाळेतून आलेल्या मुलीला ‘जरा हात लाव गं’ म्हटले जाते, आणि तिचा अभ्यास मिरचीत जातो. म्हणून ज्यांच्या घरी लहान मूल नाही आणि मागे मोकळे अंगण किंवा गच्ची आहे, त्यांनीच आदल्या संध्याकाळी मिरची न्यावी. तिघींपैकी दोघींचे तसे आहे. तिसरीने आणि बाकीच्यांनी पूर्वीप्रमाणे मंडळात बसावे, पाटावर.

तोलण्याची एक अडचण काहींनी आधीच काढली आहे. देठ गेल्यावर मिरचीचे वजन घटते, मग घरी नेलेल्या किलोतून किती परत आले हे कसे समजायचे? उत्तर सोपे आहे. मिरची आणि देठ दोन्ही परत आणायचे, एकत्र तोलायचे. रात्रीत जरा वाळून घट येईल. ती पहिल्या खेपेला सर्वांसमोर मोजावी आणि मग ठरवावी. अविश्वासाने तोलणे आणि हिशेबाने तोलणे यांत फरक आहे, आणि तो तोलणारीच्या चेहऱ्यावर दिसतो.

सभेपुढे माझी मागणी आता स्पष्ट सांगते. पहिली खेप नऊच्या नऊ बायकांनी करावी. आदल्या दिवशी सह्या, संध्याकाळी मिरची घरात, सकाळी दहाला भाजायला कढई चढलेली, आणि दुपारच्या आत डंकावर नंबर. माझ्या अंदाजाने सगळ्यांना दुपारी दोनच्या आत घरी जाता येईल. आणि दोनला काम संपले तरी हजेरी पुऱ्या दिवसाची मिळावी. चटणी तेवढीच, भाव तोच, मग वाचलेला वेळ मंडळाने कापून का घ्यावा? तो ज्यांचा वाया जात होता त्यांचा आहे. हे मान्य नसेल तर कृपा करून माझी वही चुलीत घाला. कारण मग पुढच्या वेळी वही घेऊन बसणारीला प्रत्येक बाई ‘सगळं बरं चाललंय’ असेच सांगेल, आणि आमच्या यजमानांसारखी आपापली पाव-पाव तासाची गुपिते पदराला बांधून घरी नेईल.

वेळ वाचला म्हणून जास्त ऑर्डरी घ्यायच्या ठरल्या, तर त्यालाही माझी ना नाही. पण ते त्या नऊ जणींना विचारून, आणि वरच्या कामाचे वरचे पैसे देऊन.

वहीत अजून बरीच पाने कोरी आहेत. या हंगामात ती माझ्याकडे नको. मला देठ काढायचे आहेत. ती आक्कांकडे द्यावी अशी माझी सूचना आहे. त्यांचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे, आणि त्या बसतात त्या कोपऱ्यातून दरवाजा, तराजू आणि घड्याळ तिन्ही दिसतात. चष्म्याचा नंबर तेवढा आधी तपासून घ्यायला हवा. त्यासाठी येत्या गुरुवारी मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.